शेतीचा सल्ला मोबाइलवर शोधताना: आकडा आला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याची नोकरी सोडून तुम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या घरच्या सात एकरांत उतरलात. पाच एकर सोयाबीन, दोन एकर हळद. वडील कृषी सेवा केंद्रवाल्याच्या सल्ल्याने चालतात, तुम्ही मोबाइलवर शोधता. जुलैअखेर सोयाबीन पिवळे पडले तेव्हा चार ठिकाणी चार उत्तरे मिळाली. एकाने लोहाची कमतरता सांगितली, दुसऱ्याने व्हायरस, तिसरा म्हणाला युरिया टाका आणि चौथ्याने थेट एका टॉनिकचे नाव दिले. आता तुम्ही विचारता की भरवशाच्या वेबसाइटचे एक नाव सांगा, म्हणजे तीच बघत जाईन.

असे एक नाव माझ्याकडे नाही. कृषी विभागात विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवण्याच्या, कामात उमेदीची वर्षे घालवली, आता सल्ल्याचे काम करतो, आणि तुम्ही बघता त्याच साइट मीही रोज उघडतो. साइट चांगली की वाईट याचा निकाल लावत बसत नाही. तिने दिलेला आकडा कुठून आला तेवढे शोधतो. शेतीतल्या प्रत्येक आकड्याला मूळ गाव असते. औषधाचे प्रमाण कीटकनाशकांच्या नोंदणी समितीच्या कागदावर ठरते, भाव बाजार समितीच्या नोंदीत असतो, पावसाचा अंदाज हवामान विभागाच्या पत्रकात आणि योजनेची अट शासन निर्णयात. तिथपर्यंत पोहोचता आले तर मधला माणूस कोण होता याने फारसे बिघडत नाही.

पण त्याआधी पिवळ्या सोयाबीनचे बघू, कारण तिथे घोळ साइटचा कमी आणि प्रश्नाचा जास्त आहे. टॉनिकवाला सोडला तर बाकी तिघे कदाचित खरेच बोलत होते, फक्त वेगवेगळ्या शेतांबद्दल. ‘सोयाबीन पिवळे उपाय’ एवढेच टाकले तर मोबाइलला तुमचे शेत कसे कळणार? आधी बांधावरून खाली उतरून झाड बघा. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर संशय लोहावर. चुनखडीच्या जमिनीत, सलग पावसाने पाणी साचलेल्या खोलगट भागात हे हमखास दिसते, आणि जमीन वाफशावर आली (जास्तीचे पाणी निचरून नेमकी ओल उरली) की बऱ्याचदा पीक आपोआप सावरते. खालची जुनी पाने आधी फिकट होत असतील आणि पूर्ण पान एकसारखे पिवळट असेल तर नत्राकडे बघा. झाड ओढून काढू नका, नत्र पुरवणाऱ्या मुळावरच्या गाठी जमिनीतच तुटतात. खुरप्याने मातीसकट उचला, मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठी काम करताहेत. पांढरट, हिरवट किंवा पोकळ निघाल्या तर नत्र मिळत नाही.

आणि पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे, शेतात इथे एक झाड तिथे एक झाड असे सुटे प्रकार, पान उलटे केले की पांढरी माशी उडते, तर तो पिवळा मोझॅक. २०२३ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात त्याने केलेले नुकसान तुमच्या वडिलांना आठवत असेल. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. झाडे उपटून नष्ट करायची आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा. अशा झाडावर युरिया किंवा फेरस सल्फेट (लोहाचे खत) मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

आता हेच शब्द शोधात टाका: ‘सोयाबीन कोवळी पाने पिवळी शिरा हिरव्या चुनखडी जमीन’. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पत्रक, इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला आणि एखाद्या कृषी दैनिकातला लेख, तिन्ही आता साधारण एकच गोष्ट सांगतील. निम्मी विश्वासार्हता अशी आपल्याच हातात असते. फोटो टाकून रोग ओळखणारी ॲप वापरायला हरकत नाही, पण एका पानाचा जवळून काढलेला फोटो शेताचा उतार दाखवत नाही आणि मुळावरची गाठही नाही.

औषधाचे प्रमाण

इथे मी कडक आहे. औषधाचे प्रमाण व्हिडिओतून घ्यायचे नाही, व्हॉट्सॲपवरून नाही, आणि माझ्या या उत्तरातूनही परस्पर घ्यायचे नाही. भारतात कोणते कीडनाशक कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, हेक्टरी किती आणि किती पाण्यात वापरायचे हे कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी समिती ठरवते. केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती असे तिचे लांबलचक नाव, कार्यालय फरीदाबादला. तिच्या साइटवर मंजूर वापरांचे तक्ते आहेत. तेच आपल्याकडे ‘लेबल क्लेम’ म्हणून ओळखले जाते. तक्ते इंग्रजीत आहेत आणि वाचायला किचकट, पण त्यातलाच तुमच्या कामाचा भाग बाटलीवरच्या लेबलवर आणि खोक्यातल्या घडीच्या पत्रकावर छापलेला असतो. आपले लोक ते पत्रक खोक्याबरोबरच फेकून देतात.

त्या तक्त्यात दोन आकडे शेजारी शेजारी असतात: प्रत्यक्ष विषारी घटक हेक्टरी किती ग्रॅम, आणि बाजारात मिळणारे औषध हेक्टरी किती मिली. उदाहरणार्थ क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे द्रवरूप कीटकनाशक सोयाबीनवर हेक्टरी १५० मिली. त्यातला प्रत्यक्ष घटक ३० ग्रॅम. वेबसाइटवर कोणी ३० उचलतो, कोणी १५०, कोणी हेक्टरचे एकर करायचे विसरतो. एकरी हिशेब ६० मिलीचा. हेक्टरला ५०० लिटर पाणी धरले तर १० लिटरला ३ मिली. इथवर ठीक. पण हे ‘१० लिटरला ३ मिली’ साध्या पाठीवरच्या पंपासाठी आहे. तुमच्याकडे पेट्रोलवरचा पॉवर स्प्रे असेल आणि एकर ६० लिटर पाण्यात उरकत असेल, तर त्याच मापाने एकरात जेमतेम १८ मिली औषध पडते. अळी मरत नाही, मग ‘औषध बोगस निघाले’ म्हणून दुसरे आणले जाते. उलटेही होते: पॉवर स्प्रेसाठी सांगितलेले तिप्पट प्रमाण कोणीतरी साध्या पंपात ओततो आणि पाने करपतात. म्हणून सल्ला कुठलाही असो, आधी विचारायचे की हे एकराचे माप आहे, लिटरचे आहे की पंपाचे, आणि पंप कोणता. ज्या पानावर याचे उत्तर नाही त्यावरचा आकडा अर्धवट आहे, मग ते पान विद्यापीठाचे का असेना.

तारीख ही दुसरी चाळणी. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्यासाठी आणि खोडमाशीसाठी ट्रायझोफॉस, खोडमाशीसाठी जमिनीत फोरेट, अशा शिफारशी एके काळी सर्रास होत्या आणि त्या वेळी त्या बरोबरही होत्या. ३१ डिसेंबर २०२० पासून ट्रायझोफॉस, फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन अशा औषधांवर देशात बंदी आहे. पण २०१२ चा लेख इंटरनेटवरून कोणी काढून टाकत नाही. तो तसाच वर येतो, कधी एखादी साइट त्यालाच नवे शीर्षक आणि नवी तारीख लावून पुन्हा छापते. मी तर अशा लेखात फोरेटचे नाव दिसले की बाकीचे वाचायचे थांबवतो, कारण लिहिणाऱ्याने जुन्या मजकुरावरून हात फिरवला आहे हे तिथेच उघड होते. उलट मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा दिसली ती २०१८ मध्ये. त्याआधीच्या मक्याच्या लेखात ती असणारच नाही.

तिसरी गोष्ट, लेख कुठल्या देशाचा आहे. सोयाबीनवर उत्तम इंग्रजी मजकूर अमेरिकेतल्या विद्यापीठांचा आहे आणि अभ्यासासाठी मीही तो वाचतो. झाडाच्या वाढीच्या अवस्था, मुळावरच्या गाठींचे काम, दाणे भरताना पाण्याची गरज हे तिकडून खुशाल शिका. पण तिथले शेतकरी उभ्या सोयाबीनवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात ते त्यांचे वाण जनुकीय बदल करून ते सहन करणारे आहेत म्हणून. आपल्याकडे असे सोयाबीन लावायला परवानगीच नाही. जेएस ३३५ असो, परभणीचे एमएयूएस १५८ असो की राहुरीचे फुले संगम, त्यावर ग्लायफोसेट पडले तर तणाबरोबर पीकही जाते. इंग्रजी व्हिडिओला मराठी आवाज लावून चालवणारे हा फरक सांगत नाहीत, कदाचित त्यांना माहीतही नसतो.

एकाच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि टॉनिक असे चार डबे ओतून ‘एका फवारणीत सगळे’ दाखवणारे व्हिडिओ खूप पाहिले जातात. असे मिश्रण कुठल्याच लेबलवर नसते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नंतरच्या चर्चेत औषधांची मिश्रणे, डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि तोंडाला साधे फडकेही नसणे या गोष्टी पुन:पुन्हा आल्या. व्हिडिओ करणारा कॅमेऱ्यामागे असतो, पंप पाठीवर घेणारा दुसराच. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावून घ्या: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नाही.

विकणारा कोण आहे

टॉनिकवाल्या उत्तराकडे वळतो. त्यात वाईट हेतू होताच असे मी म्हणणार नाही. पण पानाच्या तळाशी खरेदीचे बटण असेल आणि वर ‘पिवळेपणाची सात कारणे’ असतील, तर सातही कारणांचा शेवट त्याच बाटलीपाशी होणार हे धरून चालायचे. ओळखायचे कसे? प्रामाणिक सल्ल्यात ‘काही करू नका’ हाही एक पर्याय असतो. वाफसा येऊ द्या, निचरा करा, आठ दिवस थांबा, आर्थिक नुकसानीची पातळी (फवारणीचा खर्च परवडेल इतकी कीड) ओलांडली नसेल तर फवारू नका. विक्रीच्या पानावर ‘थांबा’ हा शब्द सापडत नाही.

फुटवे, फुले, दाणे, चमक, वजन असे सगळे एका बाटलीत देणाऱ्या मालाला आता कायद्यात जागा आहे. २०२१ मध्ये जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. म्हणजे असा माल विकायला नोंदणी लागते आणि त्यात काय आहे ते लेबलवर सांगावे लागते. साइटवर घटकांची यादीच नसेल, फक्त आधीचे आणि नंतरचे फोटो असतील, तर पुढचे वाचू नका. आधीचा फोटो ढगाळ दुपारचा आणि नंतरचा सकाळच्या उन्हातला, हा खेळ आता सगळ्यांना माहीत झाला आहे तरी चालतो.

कृषी विद्यापीठांच्या शिफारशीमागे काय असते तेही सांगतो, म्हणजे फरक लक्षात येईल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत आपापले निष्कर्ष मांडतात. आपल्या भाषेत ‘जॉइंट ॲग्रेस्को’. तिथे प्रयोगाच्या आकड्यांवरून खरडपट्टी निघते, काही शिफारशी परत पाठवल्या जातात, आणि उरलेल्या कृषिदैनंदिनीत, पुस्तिकांत येतात. काही कृषी दैनिके आणि मासिके सल्ल्याखाली ‘लेबल क्लेम आहे’ किंवा ‘ॲग्रेस्को शिफारस’ अशी टीप देतात. ती एक ओळ लेखाच्या शीर्षकापेक्षा जास्त कामाची आहे. विद्यापीठांच्या साइट दिसायला ओबडधोबड, शोध नीट चालत नाही, फाइल उघडता उघडता चहा होतो. सुबक साइट म्हणजे पक्की माहिती असे शहरात राहून डोळ्यांना वाटू लागते, शेतीत बऱ्याचदा उलटे निघते.

पाऊस

‘हिंगोलीत धो धो बरसणार’ ही बातमी आणि हवामान विभागाचे पत्रक शेजारी ठेवून वाचा. पत्रकात बहुधा लिहिलेले असते की जिल्ह्यात ‘तुरळक ठिकाणी’ मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता. तुरळक ठिकाणी याचा हवामान विभागाच्या भाषेतला अर्थ ठरलेला आहे: त्या भागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. म्हणजे तुमच्या शेतावर तो पडेलच असे पत्रक म्हणत नाही, बातमीच म्हणते. ‘मुसळधार’ हाही मोजलेला शब्द आहे, २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त. हे चार-पाच शब्द एकदा समजून घेतले की मधल्या बातमीची गरज उरत नाही.

परभणी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचे पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकाप्रमाणे सल्ला असतो. फवारणी, कोळपणी, काढणी यांचे दिवस त्यावरून ठरवा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी ॲप घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असू द्या, विशेषतः जो गुरे घेऊन जातो त्याच्या. वीस-पंचवीस दिवस पुढच्या तारखा आणि तालुके सांगणारे अंदाज मी ऐकतो, त्यावर पेरणी करत नाही. इतक्या पुढचे हवामान विभागही आठवड्याच्या सरासरीच्या भाषेतच बोलतो, पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढेच. पेरणीचा निकष साधा आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेली का. ते खुरप्याने उकरून कळते.

भावाचे थोडक्यात. बातमीत येतो तो कमाल दर. पणन मंडळाच्या साइटवर बाजार समितीनिहाय आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. सर्वसाधारण दर आणि आवक एवढेच बघा. बियाण्याच्या प्रतीचे थोडेसे सोयाबीन चढ्या दराने गेले की मथळा होतो, त्यावर ट्रॅक्टर भरून निघू नका. तुलनेला हमीभाव डोक्यात ठेवा. २०२५-२६ साठी तो सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये होता.

योजना आणि पैसे

पिकाचा सल्ला चुकला तर एक हंगाम जातो, इथे चुकले तर खाते रिकामे होते. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने बनावट साइट निघाल्या, नोंदणी शुल्क म्हणून पैसे घेतले गेले, आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल वारंवार सावध करावे लागले. त्या साइटवर राजमुद्रा होती, पंतप्रधानांचा फोटो होता, पत्त्याच्या पट्टीत कुलूपही होते. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातले बोलणे मध्ये कोणी वाचू शकत नाही. समोरचा चोर असला तरी त्याच्याशी बोलणे गुप्तच राहते.

पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर तो पत्ता फक्त सरकारी कार्यालयाला मिळतो. पण सरसकट तेवढाच नियम धरला तर खऱ्या साइटही हातच्या जातील. महावितरणचा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा आहे, विद्यापीठांचे पत्ते ‘एसी डॉट इन’ने संपतात. म्हणून संदेशातल्या दुव्यावरून कुठेच जायचे नाही. महावितरणची मुख्य साइट, कृषी विभागाची मुख्य साइट स्वतः उघडायची आणि तिथून योजनेच्या पानावर जायचे. ‘पीएम किसान’ नावाची एपीके (मोबाइलवर परस्पर ॲप बसवणारी) फाइल कोणी व्हॉट्सॲपवर टाकली तर उघडू नका, गावच्या गटात सरपंचांच्या नंबरवरून आली असली तरी. त्यांचाच मोबाइल आधी फसलेला असू शकतो. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन लावा.

योजनेच्या अटींसाठी शासन निर्णय वाचायची सवय लावा. प्रत्येक निर्णयावर तारीख आणि संकेतांक असतो, आणि शासनाच्या साइटवर तो संकेतांक टाकला की मूळ कागद मिळतो. निर्णय मराठीतच असतो, पहिली दोन पाने ‘वाचा’ आणि ‘प्रस्तावना’ यांत जातात, कामाचे पुढे असते. विम्याचेच बघा. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा टक्केवारीने भरावा लागू लागला. तरीही ‘एक रुपयात विमा काढा’ची पाने अजून शोधात येतात. ती लिहिणारे बरेच जण खोटे लिहीत नव्हते, फक्त ते पान लिहून पुढे निघून गेले.

शिकायचे काय, कशावरून

तुम्ही नवे आहात, तेव्हा हेही विचारले की व्हिडिओ बघावेत की नाही. जरूर बघा. जे करून लगेच पडताळता येते ते व्हिडिओवरून उत्तम शिकता येते. रुंद वरंबा सरी यंत्राची चकती बदलणे, पेरणीयंत्रातून एकरी किती बियाणे पडते ते मोजणे, पंपाचा नोझल साफ करणे, बीजप्रक्रिया. घरच्या बियाण्याची उगवण तपासणी तर व्हिडिओ बघून आजच करा: सरसकट शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याभरात सशक्त कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणे पेरणीयोग्य. इथे व्हिडिओवाला खरा की खोटा हे गोणपाटच सांगते. कीडनाशक, तणनाशक आणि पैसे ही तीन कामे अशी आहेत की चुकल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तिथेच फक्त मुळापर्यंत जायचा त्रास घ्या. सगळीकडे संशय घेत बसलात तर काहीच शिकणार नाही.

मोबाइलमधले प्रश्नोत्तरी करणारे एआय हल्ली सफाईदार मराठीत उत्तर देते. इंग्रजी तक्ता समजावून घ्यायला, शास्त्रज्ञाला विचारायचे प्रश्न काढायला मी ते वापरतो. प्रमाण विचारत नाही. पाने आणि वर्षे एकत्र ढवळून दिलेल्या उत्तरात बंदी आलेले औषध आणि आजचे औषध एकाच ठामपणाने शेजारी येऊन बसतात.

आता वडील आणि दुकानदार. तुमच्या पत्रात थोडी चीड दिसली, ती समजते. पण दुकानदाराकडे वेबसाइटकडे नसलेली एक गोष्ट आहे: चुकले तर त्याला त्याच गावात तोंड दाखवावे लागते. आणि वडील त्याच्याकडे जातात त्यात सल्ल्याइतकाच उधारीचा भाग असतो, सोयाबीन विकेपर्यंत तो थांबतो. ती सोय कुठलीही साइट देणार नाही. त्याच्याशी भांडू नका. औषध घेताना दोन गोष्टी मागा. एक, खोक्यातले घडीचे पत्रक काउंटरवरच उघडून सोयाबीनचे नाव आणि किडीचे नाव त्यात आहे का ते दोघांनी मिळून बघा. दोन, बॅच नंबर लिहिलेली पक्की पावती. बरेच दुकानदार हल्ली ‘देसी’ नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केलेले आहेत, त्यांना याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबद्दल वडिलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

हळदीचे शेवटी. हळदीसाठी नोंदणी झालेली औषधे मोजकीच आहेत, त्यामुळे लेबल शोधून हाती थोडेच लागेल. तिथे विद्यापीठाच्या शिफारशीवर चालावे लागते, आणि व्यापारी परदेशी पाठवणारा असेल तर मालात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषांची अट आधी त्याला विचारून घ्या. कंदकुजीची शंका असेल तर शेंड्याचा पोंगा (गुंडाळलेले कोवळे पान) हलकेच ओढा. सहज हातात आला, खालचे टोक सडके आणि घाण वासाचे असेल, तर शोधाशोध बंद करा. सऱ्यांमधले पाणी आजच बाहेर काढा. दोन आजारी आणि एक निरोगी झाड कंद-मातीसकट उचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, गोणपाटात ठेवा, आणि सकाळीच तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. जाणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर मराठीत बोला. लागवडीची तारीख, बेणे कोणते, शेवटचे पाणी कधी दिले आणि आतापर्यंत काय काय फवारले, हे फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या. पहिले प्रश्न तेच येतील.